हिरवे बाण

आमचा भाचा रविवारी सकाळी चहाच्या वेळेला आला आणि येताना खारी बिस्किटांचा पुडा घेऊन आला, तेव्हाच मी ओळखले की स्वारीचे आपल्याकडे काहीतरी काम आहे. एरवी तो येतो तो जेवायच्या वेळेला आणि हात हलवीत.

"मामा, शंभर शब्द लिहून द्यायचेत," तो म्हणाला.

"कोण गेलं?" मी विचारले. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे लिखाणाची जी कामे येतात ती बहुतेक श्रद्धांजलीची. त्या प्रकारात माझा हात चांगला बसला आहे असे आमच्या सोसायटीचे मत आहे. दोघातिघांनी तर आपल्याविषयी काय लिहिणार, म्हणून आगाऊ चौकशीही करून ठेवली आहे.

"गेलं कोणी नाही. उलट लोक यायचेत. भरपूर यायचेत," असे म्हणून भाच्याने पिशवीतून एक पत्रक काढले.

पत्रक चार रंगांत होते. त्यांतले तीन रंग हिरवे होते. वर ठळक अक्षरांत 'हरित पर्यटन' आणि खाली 'चला चालू या, चला सायकल चालवू या'. भाचा ठाण्याला कसल्याशा कंपनीत इंजिनिअर आहे आणि शनिवार-रविवार डोंगर चढतो. तो ज्या मंडळात आहे त्या मंडळाने बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी पायी चालण्याचे आणि सायकलचे मार्ग आखले आहेत. मार्ग क्रमांक एक, नाणेघाट. नकाशा होता, फोटो होते, फोटोत कड्यावर हात पसरून उभी राहिलेली एक मुलगी होती (हल्ली हात पसरल्याशिवाय कोणाला निसर्ग दिसतच नाही), आणि मधोमध शंभर शब्दांची जागा कोरी ठेवली होती.

"तुम्ही नाणेघाट किती वेळा चढलात, मामा?"

"मोजले नाही. वीस-बावीस वेळा असेल."

"म्हणूनच तुमच्याकडे आलो. जरा प्राचीन वगैरे लिहा. सातवाहन वगैरे. आणि शेवटी पर्यावरणाचं दोन ओळी."

दोन हजार वर्षांचा इतिहास त्याने दोन 'वगैरे'त बसवला. मला राग आला नाही. मी स्वतः तरुणपणी ह्याहून फार वेगळे करीत नव्हतो. पण नाणेघाट हा माझा हळवा विषय आहे. मी कल्याणचा. आमचे कल्याण हे एके काळी मोठे बंदर होते, ह्यावर आज आमच्या स्टेशनाबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा विश्वास बसणार नाही. पण होते. इथे आणि सोपाऱ्याला जहाजांतून उतरलेला माल बैलांच्या, गाढवांच्या पाठीवर लादून ज्या वाटेने वर जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई, ती वाट म्हणजे नाणेघाट. वर पोचल्यावर एक गुहा लागते. तिच्यात नागनिका ह्या सातवाहन राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. कोणकोणते यज्ञ केले आणि किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा दिली, ह्याचा त्यात हिशेब आहे. आकड्यांसकट. त्याच गुहेत राजाराणीच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, वरची नावे राहिली. मी पस्तीस वर्षे बँकेत खतावण्या केल्या, त्यामुळे मला ह्या गुहेत शिरल्यावर देवळात शिरल्यासारखे वाटते. माणसे गेली, हिशेब राहिला, ह्यापेक्षा आमच्या खात्याला आणखी काय हवे!

आणि बाहेर तो दगडी रांजण. येणाऱ्या-जाणाऱ्याने जकातीची नाणी ह्यात टाकायची, असे सांगतात. सध्याच्या टोलनाक्यांचा तो मूळपुरुष. फरक इतकाच की तो पायी जाणाऱ्यांचा टोल होता.

तर ते पत्रक मी चष्मा लावून वाचले. बँकेत आयुष्य गेल्यामुळे कुठलाही कागद हातात आला की मी त्यात काय आहे हे नंतर बघतो, काय नाही हे आधी. पत्रकात गाडी कुठे लावायची ते होते. निळ्या चौकोनात पांढरे 'पी' तीन ठिकाणी होते. तंबूत राहायची सोय होती, सेल्फी कुठे काढायचा ती जागा होती, वाटेवर दर शंभर पावलांवर हिरवे बाण रंगवणार असल्याची ग्वाही होती. एसटी हा शब्द कुठेही नव्हता.

"अरे, एसटीचं काही लिहिलं नाहीत?"

"एसटी?" भाचा म्हणाला. टांगा म्हटल्यावर लोक ज्या सुरात 'टांगा?' म्हणतील, त्या सुरात.

ह्यानंतर मी जे बोललो ते त्याने ऐकले नाही, कारण त्याला फोन आला आणि तो गॅलरीत गेला. म्हणून ते इथे लिहितो आहे. वाचकांपैकी कोणाला फोन आला तर त्यांनी खुशाल घ्यावा. मी थांबतो.

चालणे हिरवे आहे ह्याबद्दल वादच नाही. सायकलही हिरवी. माणसाने चालावे, घाम गाळावा, पोट कमी करावे, सगळे मान्य. पण चालायला तो जातो कशाने? आमच्या चौकातून नाणेघाटाचा पायथा साठेक किलोमीटर. जाऊन-येऊन एकशेवीस. लिटरला पंधरा धरले तर गाडीला आठ लिटर पेट्रोल लागते, आणि एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे साडेअठरा किलोच्या आसपास. गाडीत चौघे असतील तर माणशी साडेचार किलो. बहुधा चौघे नसतातच. एकजण ऐनवेळी ऑफिसचे काम काढतो, एकाच्या बायकोची बहीण येते आणि दोघेच जातात. आता एसटी घ्या. तिला लिटरला साडेचार किलोमीटर धरा, डिझेलचे लिटरमागे २.७ किलो धरा, चाळीस माणसे बसवा. माणशी दोन किलोच्या आतच हिशेब मिटतो. शिवाय तुम्ही गेलात काय, न गेलात काय, ती बस जाणारच असते. तुमच्यासाठी म्हणून तिने थेंबभरही जादा डिझेल प्यायलेले नसते.

असा सगळा धूर मागे सोडून माणूस पायथ्याशी येतो, गाडीला कुलूप लावतो, दोनदा हँडल ओढून बघतो, आणि मग तिथून पुढचे जे चार-पाच किलोमीटर पायी जातो त्याला आपण हरित पर्यटन म्हणतो. हे म्हणजे अख्खी बासुंदी ओरपल्यावर विडा बिनसाखरेचा मागण्यासारखे आहे.

आता सायकल. मार्ग क्रमांक दोन हा जुन्नरहून आपटाळे, चावंड, घाटघर असा नाणेघाटाच्या माथ्यापर्यंतचा होता. रस्ता सुंदर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. जुन्नर तालुक्याला २०१८ साली राज्याने विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले, ते उगीच नाही. पण दोन वर्षांपूर्वी त्या रस्त्यावर मी जे दृश्य पाहिले ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एक मोठी मोटार आली. तिच्या पाठीला लोखंडी चौकट होती आणि चौकटीवर दोन सायकली बसून आल्या होत्या. बसून! मी जन्मभर सायकलवरून रॉकेलचे डबे नेले, दळण नेले, गॅसचा सिलिंडर नेला, आजारी शेजाऱ्याला डबलसीट दवाखान्यात नेले, आणि लग्नानंतर सौ.ला सिनेमाला नेले. पण सायकलला मी कधी कुठे नेले नव्हते. सायकल ही माणसाला नेणारी वस्तू आहे अशी माझी समजूत होती.

त्या दोन सायकली खाली उतरवल्या गेल्या. मालकांनी टोप्या घातल्या, कोपरांना, गुडघ्यांना काय काय बांधले आणि निघाले. तेवढ्यात शाळेचा एक पोरगा आपल्या मडगार्ड नसलेल्या सायकलवरून, कॅरिअरवर धाकट्या बहिणीला बसवून समोरून आला. मागून आलेल्या दुसऱ्या मोटारीने असा काही हॉर्न मारला की पोरगा सायकलसकट रस्त्याखाली उतरला आणि बहीण गवतात. लागले नाही कोणाला. तो पोरगा रोज ह्याच रस्त्याने जातो. त्याच्यासाठी कोणी मार्ग आखलेला नाही, त्याचा फोटो कुठल्या पत्रकात नाही, कारण तो पर्यटक नाही. तो नुसता सायकलवाला आहे.

आमच्या लहानपणी कल्याणात सायकली तासावर भाड्याने मिळत. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसला की पोलीस चाकाची हवा सोडी. आम्ही हवा नसलेली सायकल हातात धरून घरी येत असू. म्हणजे तोही एक पायी मार्गच झाला. पण तेव्हा रस्ता आमचा होता. मग रस्ता मोटारींचा झाला, सायकलवाल्याला आपण चाळीस वर्षे कडेकडेने हाकलत नेले, आणि तो पार दिसेनासा झाल्यावर आता पाटी लावतो आहोत, 'या, सायकल चालवा, निसर्गाचा आनंद लुटा'. लुटा हा शब्द मात्र बरोबर आहे.

इथे मला एक कबुलीजबाब दिला पाहिजे. नाणेघाटाकडे लोकांना खेचण्याचा पहिला गुन्हा माझाच. १९८४ साली आमच्या बँकेच्या भित्तिपत्रकात 'अपरिचित नाणेघाट' असा लेख मी लिहिला होता. शेवटी 'वाचकांनी एकदा तरी अवश्य जावे' असे आवाहनही होते. वाचक एकूण अकरा. त्यांतले नऊ खरोखरच माझ्याबरोबर आले. एकाला वाटेत मधमाशी चावली, हेडकॅशिअरांची चप्पल तुटली, आणि पुढची तीन वर्षे मला कोणी सहलीचा सेक्रेटरी केले नाही. पण आम्ही दहाही जण एसटीने गेलो होतो. दुसरे काही साधनच नव्हते, त्यामुळे ह्यात आमचा मोठेपणा काही नाही. डोंगर वाचला तो आमच्या गरिबीमुळे.

हल्ली डोंगराला ते संरक्षण राहिलेले नाही. कासच्या पठाराचे बघा. पश्चिम घाटाचा जागतिक वारशात २०१२ साली समावेश झाला, त्यात कास आले, आणि लोकांना कळले की इथे फुले असतात. फुले त्याआधीही होती. मग इतके लोक फुले बघायला गेले की फुलांवर उभे राहून फुले बघायची पाळी आली. शेवटी तिकीट लावावे लागले, आणि दिवसाला किती माणसे सोडायची ह्यालाही मर्यादा घालावी लागली. काजव्यांचे तर त्याहून वाईट. पावसाळ्याच्या तोंडाला भंडारदऱ्याच्या बाजूला झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात. काजवा चमकतो तो आपल्याला दिसावे म्हणून नव्हे, त्याचा तो लग्नाचा मोसम असतो. नर-मादी एकमेकांना उजेडाने खुणा करतात. त्या नाजूक बोलण्याच्या मध्ये शे-दोनशे मोटारी मोठे दिवे लावून घुसतात. आपल्या बैठकीत मुलगा-मुलगी पहिल्यांदा एकमेकांकडे चोरून बघताहेत आणि वऱ्हाडातल्या कोणीतरी त्यांच्या तोंडावर बॅटरी मारावी, तसे. आणि त्या मोटारींतून आलेली माणसे नंतर झाडापर्यंत पायीच जातात. तेव्हा तेही हरित पर्यटनच.

भाचा गॅलरीतून आत आला. मी हे सगळे त्याला थोडक्यात पुन्हा सांगितले. तो मुलगा वाईट नाही. ऐकून घेतो.

"मामा, तुमचं म्हणणं ठीक आहे, पण गावातल्या लोकांचा विचार करा ना," तो म्हणाला. "तरुण पोरांना काम नाही. पर्यटक आले तर चार पैसे मिळतील. तुम्ही काय, वर चढून आलात आणि शिडी काढून घेताय."

हा घाव बरोबर बसला. मी त्या दिवशी गप्प राहिलो. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, ते मला मागाहून पायथ्याच्या मावशींनी दिले.

ह्या मावशी फाट्यावर चहाचे हॉटेल चालवतात. हॉटेल म्हणजे चार बांबू, वर निळे प्लास्टिक आणि दोन बाकडी. मी त्यांना मावशी म्हणतो आणि त्या मला काका म्हणतात. हे नाते कुठल्याही नात्यागोत्यात बसत नाही, पण वीस वर्षे चालले आहे. गेल्या श्रावणात गेलो तेव्हा मी त्यांना सरळच विचारले, "मावशी, आणखी लोक आले तर बरं का वाईट?"

"येऊ द्या की," त्या म्हणाल्या. "पण एसटीनं येऊ द्या."

मला वाटले, मला बरे वाटावे म्हणून बोलल्या. तसे नव्हते. त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता. गाडीवाला येतो तो घरून सगळे घेऊन येतो. पाण्याच्या बाटल्या, वेफर्स, डब्यातले पराठे, गाद्यासुद्धा. गाडीत बसून खातो, कागद इथे टाकतो आणि मुरबाडच्या पुढे कुठल्यातरी काचेच्या हॉटेलात जेवायला थांबतो. एसटीवाला काय करतो? त्याला गाडीची वाट बघावी लागते. अर्धा तास, तास, कधी दोन तास. बसून बसून माणूस करील काय? चहा घेतो. मग भजी घेतो. मग पाऊस येतो, मग पुन्हा चहा. गाडी नाहीच आली तर पिठले-भाकरीची चौकशी करतो. "गाडीवाला आमचा रस्ता वापरतो, काका. एसटीवाला आमचं बाकडं वापरतो," असे म्हणून त्यांनी माझ्यापुढे न मागितलेला दुसरा चहा ठेवला आणि पैसे लावले.

एसटीचे त्यांना दुसरेही कारण होते. २०२१च्या दिवाळीपासून २०२२च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा त्यांची नात शाळेला जीपमधून लोंबकळत जायची, नाहीतर जायचीच नाही. पोरींना एसटीचा पास फुकट असतो, जीपचा नसतो. गाडीत माणसे असली तर गाडी चालू राहते, माणसे घटली की आधी एक फेरी बंद होते, मग दुसरी. शहरातली चाळीस माणसे दर रविवारी त्या बसमध्ये बसली, तर सोमवारची नातीची बस टिकायला तेवढीच मदत, असा त्यांचा सरळ विचार होता. तो बरोबर आहे की नाही हे महामंडळाचे हिशेबनीस सांगतील. मला पटला.

तेव्हा माझे भांडण चालण्याशी नाही, पाहुण्यांशी तर नाहीच नाही. त्यांनी यावे, गुहेत जाऊन नागनिकेच्या दक्षिणेचे आकडे बघावेत, नानाच्या अंगठ्यावर जाऊन वाऱ्याने उलटा वर फेकला जाणारा धबधबा बघावा, गावातल्या पोराला वाटाड्या घ्यावे आणि त्याला घासाघीस न करता पैसे द्यावेत. माझे भांडण आहे ते त्या निळ्या 'पी'शी. पायथ्याशी शंभर मोटारींची जागा केली की शंभर मोटारी येतात, आणि दोनशे केली की तीनशे. पावसाळी रविवारी माळशेजच्या रस्त्यावर ज्याने गाडीत बसून पोराला 'बाळा, हा बघ निसर्ग' म्हणत पुढच्या ट्रकची पाटी दाखवली असेल, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. जागेला जो खर्च येणार त्यात फाट्यावर एसटीचा एक निवारा होईल, पिण्याच्या पाण्याचा नळ होईल, कोणी कड्यावर पाय मोडून घेतलाच तर खाली आणायला एक स्ट्रेचर होईल. हे सगळे गावालाही उपयोगी. पार्किंगचा गावाला उपयोग काय? त्यात भात लावता येत नाही.

राहिले हिरवे बाण. नमुन्यादाखल पाच-सहा बाण मंडळाने वाटेवरच्या दगडांवर काढलेलेच होते. ते मी त्याच श्रावणात बघायला गेलो होतो. मला एकही सापडला नाही. श्रावणात सगळा डोंगर हिरवा, दगडावर शेवाळ हिरवे, त्यात बाण हिरवा! एक सापडला असे वाटले, तो टोळ निघाला. आणि बाणाची गरजच काय? दोन हजार वर्षे बैलांच्या खुरांनी आणि माणसांच्या टाचांनी झिजवलेली वाट आहे. दगडी पायऱ्या आहेत. ती वाट आंधळ्यालासुद्धा सापडेल, फक्त त्याचे डोके फोनमध्ये नसले पाहिजे.

माझे शंभर शब्द मी भाच्याला लिहून दिले. प्राचीन वगैरे दोन ओळींत आटपले. बाकी सगळे असे लिहिले की, कल्याण स्थानकावरून मुरबाड-माळशेजमार्गे जुन्नर, आळेफाटा किंवा नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, इकडे जाणाऱ्या एसटीत बसावे, वैशाखरे गेल्यावर कंडक्टरला नाणेघाटाचा फाटा म्हणून सांगावे, पासष्ट वर्षांवरच्यांना आणि बायकांना तिकीट अर्धे, आणि परतीची गाडी उशिरा आली तर चहा प्यावा.

अर्ध्या तिकिटाचे मी मुद्दाम लिहिले. माझे वय अडुसष्ट, म्हणून मला अर्धे. २०२३च्या मार्चपासून बायकांना सरसकट अर्धे, म्हणून सौ.ला अर्धे. दोघांचे मिळून एक. लग्नाला बेचाळीस वर्षे झाली, भटजींपासून सगळ्यांनी सांगितले, पण आम्ही दोघे मिळून एक आहोत हे पैशाच्या व्यवहारात पहिल्यांदा मानले ते एसटीने.

मंडळाच्या बैठकीत माझ्या मजकुरावर बराच खल झाला म्हणे. 'चहा प्यावा' हे पर्यावरणात बसत नाही असे एकाचे मत पडले. तडजोड अशी झाली की, तीनांतले एक 'पी' काढायचे आणि तिथे एसटीची माहिती घालायची, पण आधी भाच्याने स्वतः एकदा एसटीने जाऊन यायचे आणि 'हे व्यवहार्य आहे का' ह्याचा अहवाल द्यायचा. व्यवहार्य हा शब्द ज्याने शोधला त्याने नक्की गाडी घेतलेली होती.

म्हणून आश्विनातल्या एका बुधवारी आम्ही तिघे निघालो, मी, सौ. आणि भाचा. जाताना सगळे सुरळीत झाले. सौ.ला खिडकी मिळाली. कंडक्टरने अडीच तिकिटे फाडायला सुरुवात केली आणि आमचा हिशेब ऐकून हसून दोन दिली. वर जाऊन आलो. भाच्याने गुहेत अर्धा तास काढला, त्याला आकड्यांची चित्रे फार आवडली. तो इतक्या वेळा येऊन गेला होता, पण गाडी उन्हात तापते म्हणून आत कधी पाच मिनिटांवर थांबला नव्हता. दुपारी साडेतीनला खाली मावशींच्या बाकड्यावर येऊन बसलो.

चार वाजले. साडेचार वाजले. भाचा फोनमध्ये बस कुठवर आली ते बघत होता, फोनला ते माहीत नव्हते. सौ. आणि मावशी नातीच्या वेणीपासून पाटाच्या पाण्यापर्यंत पोचल्या होत्या. भाच्याने एक चहा घेतला, मग दोन प्लेट भजी घेतली, मग "मावशी, भाकरी आहे का हो?" असे विचारले. मी काही बोललो नाही. मी फक्त मनातल्या मनात बेरीज करत होतो. तीनशे चाळीस रुपये झाले होते.

"मागच्या वेळी गाडीनं आलास तेव्हा इथं काय घेतलंस रे?" मी सहज विचारले.

तो आठवायला लागला. बराच वेळ आठवत होता. मग म्हणाला, "गाडीत होतं सगळं."

पाच वाजून दहा मिनिटांनी वळणावर लाल रंग दिसला. भाचा उठून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात पसरले, थेट पत्रकातल्या मुलीसारखे. गाडी आली. दारापर्यंत माणसे उभी होती. ड्रायव्हरने मागे बोट दाखवले, म्हणजे मागून दुसरी येते आहे, आणि त्याला वळसा घालून गाडी निघून गेली.

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी मावशींकडे बघितले. त्यांनी आधीच आधण ठेवले होते.